एक अक्षर गळलं की पुढचं सगळं सरकतं: फ्रेमशिफ्ट म्युटेशन वहीत मांडून समजून घेऊ

गणिताची चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. एका चौकोनात एक अक्षर, एवढाच नियम. मी गडचिरोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. फ्रेमशिफ्टचा धडा फळ्यावर कितीही वेळा सांगितला, तरी स्वतःच्या हातानं अक्षरं सरकवल्याशिवाय तो कोणाच्या डोक्यात बसलेला मी पाहिला नाही. हा लेख बारावी-बीएस्सीच्या मुलांसाठी आहे, आणि ज्यांच्या घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा रिपोर्ट येऊन पडला आहे त्यांच्यासाठीही.

त्या रिपोर्टचं निमित्त आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची आई पिशवीत फाईल घेऊन घरी आली. धाकट्या मुलाचे हातपाय सारखे दुखायचे, वर्षातून तीन-चारदा दवाखान्यात भरती करावं लागायचं. "सर, शिबिरात याच्या बापाचं सिकल निघालं नाही. माह्यं निघालं, तं वाहक म्हणे, आजार नाही. दोघंही धडधाकट. मंग पोराले सिकलचा आजार कसा काय झाला जी?" हे विचारताना तिचा आवाज खाली गेला होता, कारण घरात कुजबुज सुरू झाली होती. बापात सिकल नाही आणि पोरात आजार आहे, म्हणजे काय, असं लोक तिच्याकडे बघून बोलत होते. फाईलच्या तळाशी बापाचा दुसरा, मोठ्या तपासणीचा कागद होता. त्यावर एक ओळ होती: बीटा ग्लोबिन, कोडॉन 8/9 (+जी). त्या बाईची सगळी सुटका त्या एका ओळीत होती, पण ती ओळ तिला कोणी वाचून दाखवली नव्हती.

ही ओळ वाचता येणं, हेच या लेखाचं काम.

पायरी 1: आधी मराठी वाक्य मोडा

वहीत हे वाक्य लिहा. यातला प्रत्येक शब्द बरोबर तीन अक्षरांचा आहे:

कमला सकाळी गरम वरण वाढते

आता समजा, वाचणाऱ्याला शब्दांमधली मोकळी जागा दिसतच नाही. तो पहिल्या अक्षरापासून तीन-तीनचे घास घेत पुढे जातो. पेशीत प्रथिनं बनवणारा रायबोसोम असाच वाचतो. तो जे वाचतो त्या एमआरएनएवर, म्हणजे जनुकाच्या नकलेवर, शब्द तोडून लिहिलेले नसतात. सुरुवात कुठून करायची एवढं ठरलं की पुढची सगळी फोड तीनच्या मोजणीनं होते. या मोजणीला वाचनचौकट (रीडिंग फ्रेम) म्हणायचं.

"गरम" मधला ग बदलून न करा. "कमला सकाळी नरम वरण वाढते." अर्थ बदलला, पण वाक्य शाबूत राहिलं. आता ग पुन्हा जागेवर ठेवा आणि "सकाळी" मधला का खोडून टाका. पुढची अक्षरं एकेक घर डावीकडे सरकवा आणि तीन-तीननं वाचा:

कमला सळीग रमव रणवा ढते

जिथे अक्षर गळलं त्याच्या डावीकडे सगळं जागच्या जागी आहे आणि उजवीकडे काहीच नाही. "रमव" हा योगायोगानं खरा शब्द झाला आहे, त्याकडेही लक्ष द्या. चौकट अशी सरकणं म्हणजेच फ्रेमशिफ्ट, आणि तेव्हा पेशीतही असंच होतं. रायबोसोमला काही बिघडल्याचं कळत नाही. नवे तीन-तीनचे घासही त्याला अर्थपूर्णच वाटतात, म्हणून तो न थांबता चुकीची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, जोडत जातो.

तिसरा प्रयोग: मूळ वाक्यातून "गरम" हा पूर्ण शब्द काढा. "कमला सकाळी वरण वाढते." तीन अक्षरं गेली, पण वाक्य उभं आहे. चौथा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. मूळ वाक्यातून "सकाळी" मधला स, "गरम" मधला र आणि "वरण" मधला ण ही तीन वेगवेगळ्या शब्दांतली अक्षरं खोडा. मिळेल: "कमला काळीग मवर वाढते." मधला भाग नासला, पण शेवटचा शब्द परत जागेवर आला. 1961 मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंवर वाढणाऱ्या टी4 विषाणूवर हाच प्रयोग केला. प्रोफ्लेविन नावाच्या रंगद्रव्यानं त्यांनी डीएनएत अक्षरं वाढवली आणि गाळली. एक बदल केला तर जनुक निकामी, दोन केले तरी निकामी, पण एकाच जातीचे तीन केले की काम पुन्हा सुरू. जनुकाची भाषा तीन अक्षरी आहे हे तिथे पक्कं झालं. कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ कोणतं अमिनो आम्ल, हे उलगडण्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. त्यांना 1968 चं नोबेल त्याच कामासाठी, निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं.

पायरी 2: आता खरं जनुक वहीत उतरवा

उदाहरणासाठी आपल्या भागाला सगळ्यात जवळचं जनुक घेऊ. बीटा ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी एकीचा मजकूर. ते 11 व्या गुणसूत्रावर आहे, सुमारे 1600 अक्षरांचं. त्यात तीन एक्झॉन, मध्ये दोन इंट्रॉन. इंट्रॉन कापून फेकले जातात, एक्झॉन जोडले जातात आणि मग जो एमआरएनए होतो तो रायबोसोम वाचतो. तयार साखळी 146 अमिनो आम्लांची.

त्याची सुरुवात अशी आहे. डीएनएची ए, टी, जी, सी ही प्रत्येकी एक अक्षर धरा आणि एकेका चौकोनात लिहा. तीन अक्षरांच्या प्रत्येक घासाला कोडॉन म्हणतात:

एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी एएजी टीसीटी जीसीसी जीटीटी एसीटी जीसीसी सीटीजी टीजीजी जीजीसी एएजी जीटीजी एएसी जीटीजी जीएटी जीएए

पहिला एटीजी म्हणजे "इथून सुरू करा". त्यातून येणारं मेथिओनिन नंतर कापलं जातं, म्हणून जुन्या पद्धतीत त्याला मोजत नाहीत आणि जीटीजी हा कोडॉन क्रमांक 1 धरतात. नव्या पद्धतीत मेथिओनिन मोजतात. त्यामुळे एकच बदल एका रिपोर्टात 6 व्या जागी आणि दुसऱ्यात 7 व्या जागी दिसतो. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून "यांच्यातलं एक चूक आहे" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चूक नसते, मोजायची सुरुवात वेगळी असते. या लेखात मी जुनी मोजणी वापरतो.

वहीच्या कोपऱ्यात तीन थांबे लिहून ठेवा: टीएए, टीएजी, टीजीए. यांना कोणतंही अमिनो आम्ल नाही. इथे साखळी संपते.

पायरी 3: एकाच अक्षराची तीन नशिबं

सहावा कोडॉन शोधा: सीसीटीच्या पुढचा पहिला जीएजी. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. त्याच्या मधल्या ए वर बोट ठेवा. विदर्भातल्या किती घरांचं दुखणं या एका अक्षरावर उभं आहे.

तो ए बदलून टी केला तर जीएजीचा जीटीजी होतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. हाच सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट इथल्या शिबिरांत ज्याची तपासणी होते तो हाच बदल. हा फ्रेमशिफ्ट नाही. साखळी पूर्ण 146 ची होते, फक्त एक मणी वेगळा असतो. त्या एका मण्यामुळे प्राणवायू सुटल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते.

आता तोच ए बदलू नका, खोडून टाका. पुढची अक्षरं सरकवा. सीसीटीनंतर वहीत हे यायला हवं:

जीजीजी एजीए एजीटी सीटीजी सीसीजी टीटीए सीटीजी सीसीसी टीजीटी जीजीजी जीसीए एजीजी टीजीए

ग्लायसिन, आर्जिनिन, सेरिन, ल्युसिन, प्रोलिन... बारा चुकीची अमिनो आम्लं आणि तेराव्या जागी टीजीए, थांबा. हा बदल खराच आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत तो सापडतो आणि त्यानं बीटा थॅलेसेमिया होतो, तोही ज्यात बीटा साखळी अजिबात होत नाही असा. अक्षर तेच, जागा तीच. बदललं तर सिकल, गळलं तर थॅलेसेमिया.

आणि तिसरं नशीब: याच ठिकाणचा एक पूर्ण जीएजी, तीनही अक्षरं, गेला तर? साखळी 145 ची होते. त्याला हिमोग्लोबिन लायडन म्हणतात. ते थोडं कमकुवत असतं, पण बनतं. म्हणजे एक अक्षर गाळण्यापेक्षा तीन अक्षरं गाळणं इथे कमी घातक ठरतं. गळालेल्या किंवा वाढलेल्या अक्षरांना तीननं भाग जातो का, हा पहिला प्रश्न. किती अक्षरं, हा नंतरचा.

थांबा इतक्या लवकर का येतो, असं मुलं विचारतात. 64 पैकी 3 कोडॉन थांब्याचे आहेत. चौकट सरकल्यावर मजकूर जवळजवळ कसाही जुळलेला असतो, तेव्हा सरासरी दर 21 कोडॉनांमागे एक थांबा लागतो. मूळ चौकटीत थांबे नाहीत कारण निसर्गानं ते टिकू दिले नाहीत. शेजारच्या चौकटींवर तसा पहारा नाही.

आता फाईलमधली ती ओळ स्वतः सोडवा. कोडॉन 8/9 (+जी): आठवा कोडॉन एएजी आणि नववा टीसीटी यांच्यामध्ये एक जी वाढला आहे. उत्तर खाली आहे, आधी वहीत करून बघा. एएजीनंतर जीटीसी टीजीसी सीजीटी टीएसी टीजीसी सीसीटी जीटीजी जीजीजी सीएए जीजीटी जीएए सीजीटी जीजीए आणि टीजीए. तेरा चुकीची, मग थांबा, 22 व्या जागी. 146 ऐवजी 21 अमिनो आम्लं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त चुकीची.

पायरी 4: थांबा कुठे पडला ते बघा

या पायरीकडे पाठ्यपुस्तकं घाईनं पाहतात, आणि खरी समज इथेच आहे. फ्रेमशिफ्ट झालं की आखूड प्रथिन होतं, एवढं लिहून मुलं मार्क मिळवतात. पण पुष्कळदा आखूड प्रथिनही होत नाही, कारण पेशी तो एमआरएनएच फाडून टाकते.

हे असं चालतं. इंट्रॉन कापून दोन एक्झॉन जोडले जातात तेव्हा त्या सांध्याजवळ प्रथिनांची एक गाठ राहते. पहिला रायबोसोम वाचत जाताना वाटेतल्या गाठी सोडवत जातो. खरा थांबा साधारणपणे शेवटच्या एक्झॉनमध्ये असतो, म्हणून तिथे पोचेपर्यंत सगळ्या गाठी सुटलेल्या असतात. रायबोसोम आधीच थांबला आणि पुढे एखादी गाठ तशीच राहिली, तर पेशी ओळखते की हा मजकूर बिघडलेला आहे. मग एमआरएनए तोडला जातो. ठोकताळा असा: थांबा शेवटच्या सांध्याच्या 50 ते 55 अक्षरांपेक्षा जास्त मागे असेल तर एमआरएनए टिकत नाही.

बीटा ग्लोबिनमध्ये शेवटचा सांधा 104 आणि 105 या कोडॉनांमध्ये आहे. भारतात वारंवार दिसणारं दुसरं फ्रेमशिफ्ट घ्या: कोडॉन 41/42 (-टीटीसीटी). चार अक्षरं गेली, तीननं भाग जात नाही, आणि नवा थांबा 59 व्या जागी येतो. 59 ते 104 म्हणजे 45 कोडॉन, 135 अक्षरं. 55 च्या कितीतरी मागे, म्हणून हा एमआरएनए मोडीत निघतो. जनुक आहे, त्यावरून नक्कलही निघते, पण ती फार काळ टिकत नाही. फ्रेमशिफ्टचा परिणाम प्रथिनाच्या आधी, जनुकाच्या अभिव्यक्तीवरच होतो तो असा.

सुरुवातीच्या एटीजीच्या अगदी जवळ पडलेला थांबा मात्र या तपासणीतून बऱ्याच अंशी निसटू शकतो. हे बीटा ग्लोबिनच्याच अभ्यासातून दिसलं आहे. तरी वीस-बावीस मण्यांचा तुकडा हिमोग्लोबिनच्या काही कामाचा नसतो, त्यामुळे रुग्णासाठी निकाल तोच.

उलटी बाजू जास्त विचित्र आहे. फ्रेमशिफ्ट तिसऱ्या एक्झॉनमध्ये झालं तर पुढे गाठच उरलेली नसते. एमआरएनए शाबूत राहतो आणि शेपूट बिघडलेली लांब साखळी भरपूर बनते. ती धड बसत नाही, पेशीत साचते. पहिल्या भागातल्या फ्रेमशिफ्टचा एकेरी वाहक सहसा धडधाकट असतो, कारण आई आणि बाप यांच्याकडून जनुकाची एकेक प्रत येते, त्यातली दुसरी चांगली प्रत काम सांभाळते. पण तिसऱ्या एक्झॉनमधल्या अशा काही बदलांत एकाच बिघडलेल्या प्रतीनं आजार होतो. काहीच न बनण्यापेक्षा वाईट बनणं कधी कधी जास्त भारी पडतं. आणि अगदी शेवटच्या टोकाला, हिमोग्लोबिन टाक नावाच्या प्रकारात, ए आणि सी ही दोन अक्षरं वाढल्यामुळे खरा थांबाच ओलांडला जातो आणि साखळी 11 मण्यांनी लांबून 157 ची होते.

थोडं धानाबद्दल

पूर्व विदर्भात राहून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बासमती आणि जस्मिन तांदळाचा सुवास फ्रेमशिफ्टमुळे आहे. धानाच्या 8 व्या गुणसूत्रावर बीएडीएच2 नावाचं जनुक आहे. सुवासिक वाणांत त्याच्या सातव्या एक्झॉनमधून 8 अक्षरं गळाली आहेत. आठला तीननं भाग जात नाही. लवकर थांबा येतो, विकर निकामी होतं, आणि ते ज्या पदार्थाची विल्हेवाट लावायचं तो साचून त्यातून 2-असिटिल-1-पायरोलिन बनतं. तोच तो वास. सगळ्या सुवासिक वाणांत हाच बदल असतो असं नाही. याच जनुकात इतर मोडतोडीही सापडल्या आहेत. पण भंडाऱ्याकडचा चिन्नोर शिजायला लागला की वास तिसऱ्या घरापर्यंत जातो, तेव्हा मी पोरांना सांगतो: एखादी गोष्ट बनत नसली तर ती नाही हे थेट दिसत नाही. तिच्या नसण्यानं दुसरं काय साचलं, ते शोधायचं.

पायरी 5: जे बनलंच नाही ते रक्तात कसं शोधायचं

शिबिरातली विद्राव्यता चाचणी, म्हणजे थेंबभर रक्त द्रावणात टाकून ते गढूळ होतं का बघायची चाचणी, फक्त सिकलचं हिमोग्लोबिन पकडते. ते बनलेलं असतं, म्हणून सापडतं. फ्रेमशिफ्टच्या वाहकात वेगळं काही बनलेलंच नसतं, फक्त बीटा साखळी कमी असते. द्रावण स्वच्छच राहणार. त्या बापाचा "निगेटिव्ह" खरा होता. तो फक्त सिकलपुरता खरा होता.

मग खुणा बघायच्या. बीटा कमी पडल्यानं तांबडी पेशी लहान राहते: एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, घटतो. बीटाऐवजी डेल्टा साखळी लावून होणारं हिमोग्लोबिन ए2 वाढतं. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाची दाट शक्यता. साध्या सीबीसीवरूनही, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरूनही, एक इशारा मिळतो: एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येनं, म्हणजे दशलक्षांत, भागा. 64 भागिले 5.8 म्हणजे 11. तेराच्या खाली असेल तर थॅलेसेमियाचा संशय घ्या. 68 भागिले 4.2 म्हणजे 16, हे लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवतं. हा फक्त इशारा आहे, निदान नाही. लोह फार कमी असेल तर ए2 खोटं खाली येऊ शकतं, म्हणून डॉक्टर कधी कधी आधी लोह भरून काढून पुन्हा तपासतात.

दोन्ही प्रती बिघडल्या तर काय होतं तेही साचण्याचंच गणित आहे. 16 व्या गुणसूत्रावरून अल्फा साखळ्या नेहमीसारख्या येत राहतात. जोडीदार नसलेल्या अल्फा साखळ्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशींत साचून त्यांना तिथेच मारतात. बाळाला पहिले काही महिने त्रास दिसत नाही, कारण तोवर गर्भातलं हिमोग्लोबिन एफ काम भागवतं.

पायरी 6: कागद वाचणे

रिपोर्टात जुनी नोंद असेल तर कोडॉनचा क्रमांक आणि कंसात अधिक-उणे अक्षरं असतात. नव्या नोंदीत "डेल" म्हणजे गळालं, "इन्स" म्हणजे घुसलं, "डुप" म्हणजे दोनदा आलं. प्रथिनाच्या ओळीत "एफएस" दिसलं की फ्रेमशिफ्ट, त्यापुढे तारा किंवा "टर" म्हणजे थांबा, आणि शेवटचा आकडा म्हणजे बदललेल्या पहिल्या कोडॉनपासून मोजून कितव्या जागी थांबा. 8/9 (+जी) च्या कागदावर तो आकडा 14 असतो. वहीतल्या तेरा चुकीच्या कोडॉनांपुढचा टीजीए मोजा, जुळेल.

प्रत्येक थॅलेसेमिया फ्रेमशिफ्टचा नसतो. भारतात सगळ्यात जास्त दिसणारा बदल, आयव्हीएस 1-5, पहिल्या इंट्रॉनच्या सुरुवातीला जीच्या जागी सी येण्याचा आहे. तिथे कापायची खूण बिघडते. "एफएस" नाही म्हणून आजार सौम्य, असा अर्थ काढू नका.

सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र आल्याचा संशय असेल तर एचपीएलसीत ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) आणि एस (सिकलचं) यांचं प्रमाण बघा. नुसत्या सिकल वाहकात ए जास्त, एस कमी. एस जास्त आणि ए थोडं असेल तर बीटा साखळी थोडीफार बनणारा थॅलेसेमिया सोबत असू शकतो. ए अजिबात नसेल तर दोन्ही प्रती सिकलच्या, किंवा एक सिकलची आणि एक शून्य बीटाची. नुसत्या या कागदावरून त्या दोघांत फरक करणं अवघड असतं, आई-बापांची एचपीएलसी करूनच गाठ सुटते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा. नाहीतर रक्तदात्याचं ए तुमच्या मुलाचं म्हणून मोजलं जाईल.

पायरी 7: घरात सांगणे

त्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी नवऱ्यासोबत बोलावलं आणि हीच वही पुढे ठेवली. आईकडून सिकलची प्रत आली, तिच्यात एक मणी वेगळा. बापाकडून 8/9 ची प्रत आली, तिच्यातून काहीच बनत नाही. मुलाकडे चांगली बीटा साखळी देणारी एकही प्रत उरली नाही, म्हणून त्याच्या रक्तात जे आहे ते सिकलचंच. बाप पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ त्या वाढलेल्या जी कडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे हे माह्याकडूनच आलं." मी म्हटलं, दोघांकडून आलं, अर्धं-अर्धं, आणि तुम्हा दोघांनाही ते तुमच्या आईबापांकडून आलं असणार. कुजबुज करणाऱ्यांना दाखवायला त्यानं तो वहीचा कागद मागून घेतला.

अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारातला एक संभव आजाराचा, एक सिकल वाहकाचा, एक थॅलेसेमिया वाहकाचा आणि एक पूर्ण निरोगी मुलाचा. आधीचं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुरक्षित, असं नाही. दर वेळी मोजणी नव्यानं सुरू होते.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, आणि तेव्हापासून गावोगाव तपासण्या वाढल्या आहेत. त्याचा फायदा घ्या, पण जोडप्यातल्या एकात सिकल निघालं तर दुसऱ्याच्या विद्राव्यता चाचणीवर थांबू नका. एचपीएलसी मागा. गर्भाची तपासणी 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास वारेतली पेशी घेऊन करता येते. तिच्यासाठी आई आणि बाप दोघांचे नेमके बदल आधी माहीत असावे लागतात, आणि डीएनएचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. म्हणून तो लग्नानंतर, दिवस जाण्याआधीच करून घ्या. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, त्याचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा, आणि पाठपुराव्याला जाताना बदलाची ती एक ओळ वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून न्या. दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टर आधी तीच विचारतात.